सत्तर मिनिटांची सिगार

१

कारखान्यात मला सगळे ‘नाक’ म्हणत. ‘नाक आलं’, ‘आधी नाकाला विचारा’, ‘आज नाकाचं काही खरं नाही’. मी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट आतून सुखावायचोच. बावीस वर्षं मी सिगारी ओढून त्यांना गुण देण्याची नोकरी केली. ऐकणाऱ्याला वाटतं, काय चैन आहे! पण आवडली म्हणून दुसरी पेटवता येत नाही आणि नावडली म्हणून विझवता येत नाही, त्यात चैन कसली?

माझी खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. पांढऱ्या भिंती, कायम बंद असलेली एक खिडकी, एक टेबल आणि एकच खुर्ची. दुसरी खुर्ची मीच काढायला लावली होती. कुणी समोर येऊन बसलं की त्याच्या साबणाचा, केसांच्या तेलाचा वास येतो आणि तंबाखूचा अंदाज चुकतो. टेबलावर घड्याळ, पाण्याचा पेला, राखदाणी आणि छापील तक्ता. रोज तीन सिगारी: नऊला, अकराला आणि तीनला. कुठली कुणी वळली ते मला कळू द्यायचं नाही असा नियम होता. बंडलावर फक्त वळणाऱ्याच्या बाकाचा क्रमांक असायचा.

सिगार घाईने ओढायची गोष्ट नाही. धूर छातीत घ्यायचा नसतो; तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. मिनिटाला एक झुरका. त्याहून भरभर ओढली तर ती तापते, कडू होते. फार रेंगाळलं तर विझते. दोन झुरक्यांच्या मधे ती राखदाणीच्या खाचेत पडून असते आणि मी लिहीत असतो: सुरुवातीला भाजलेल्या बदामाची चव, मध्यावर जुन्या लाकडाची, शेवटाकडे मिरी. आमची वीतभर सिगार अशा रीतीने सत्तर मिनिटं चालते. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे. पासष्टच्या खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या मंगळवारी नऊची सिगार अडतीस मिनिटांत संपली.

२

पहिल्यांदा मी घड्याळाला दोष दिला. खाली जाऊन दारावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.

मग सिगार सैल वळली असेल म्हटलं. पण सैल सिगार जिभेला चटका देते, तिची राख भुसभुशीत असते, झुरका पोकळ लागतो. ही थंड जळली होती. राख पांढरीशुभ्र, बोटाच्या दोन पेरांएवढी न पडता टिकली होती. बदाम होता, लाकूड होतं, मिरी होती. सगळं जागच्या जागी, फक्त निम्म्या वेळात. मी तक्त्यावर झुरक्यांच्या खुणा करत असे. त्या सदतीस भरल्या. उरलेली तेहेतीस झुरक्यांची सिगार गेली कुठे?

बुधवारी त्याच बाकाची दुसरी पेटवली. एकोणचाळीस मिनिटं.

पलीकडच्या खोलीत आमचा दुसरा परीक्षक बसायचा. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून कारखान्यात तो ‘धाकटं नाक’. त्याच बंडलातली एक सिगार मी त्याला ओढायला दिली आणि दुसरी स्वतः उभी चिरून पाहिली. पानं नीट घडी करून, एकसारखी दाबून भरलेली. वजनही तंतोतंत.

धाकटा दीड तासाने आला. “एकाहत्तर मिनिटं. छान आहे की! तुम्हाला काय खटकलं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “मला जरा लवकर संपल्यासारखी वाटली.”

“घाई होत असेल तुमची. वय झालं की उलटं होतं म्हणतात.” तो हसला. मीही हसलो.

खरं तर तिथेच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण बावीस वर्षं ज्याच्या शब्दाने सिगारी पास-नापास होतात त्याने ‘माझ्या खोलीत काहीतरी चुकतंय’ असं कसं म्हणायचं? मी तक्त्यावर लिहिलं: ‘बाक क्रमांक चार. भरणा सैल. अडतीस मिनिटं.’ आणि सही केली.

शुक्रवारपर्यंत सगळ्याच बाकांच्या सिगारी माझ्यापाशी चाळिसाच्या आत संपायला लागल्या. एका बाकाचा दोष मानता येतो. सहाही बाक चुकले म्हणजे परीक्षकच चुकला असं कुणीही म्हणेल. म्हणून बाकीच्या पाच बाकांपुढे मी सत्तर, एकाहत्तर, एकोणसत्तर असे आकडे भरले. चारपुढे खरा आकडा आधीच गेला होता. तो बदलला असता तर पहिला का चुकला ते सांगावं लागलं असतं.

३

मी ताईकडे राहायचो. थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून आम्ही दोघंच. ती घरी कपडे शिवायची आणि गिऱ्हाइकांच्या कापडाला धुराचा वास लागू नये म्हणून तिने मला शिस्त लावली होती: जिन्यातच शर्ट काढायचा, बाहेरच्या खुंटीला टांगायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, मग घरात पाऊल.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी विसरून तसाच आत गेलो. ती मशीनवर होती. मी जीभ चावली, पण ती ओरडली नाही. उठून जवळ आली, माझी कॉलर धरून हुंगली.

“आज कामाला गेला नव्हतास का?”

“गेलो होतो की. तीन ओढल्या.”

“खोटं नको बोलूस. या शर्टाला नुसत्या सुताचा वास येतोय.” मग तिचा चेहरा उजळला. “सोडलीस? खरं सांग, सोडलीस ना?”

मी शर्ट काढून स्वतः वास घेतला. ती म्हणत होती ते खरं होतं. केसांत बोटं फिरवून हुंगली. काही नाही. दिवसभर बंद खोलीत धूर सोडणाऱ्या माणसाच्या अंगाला धुराचा मागमूस नव्हता.

“सोडली नाही, पण कमी केलीय,” मी म्हणालो, कारण ती फार खूश दिसत होती.

“अर्धी झाली तरी पुष्कळ,” ती म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली. मला मात्र जेवण गेलं नाही. मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो. शेवटी तीच वैतागली. “एका जागी बस बाबा! तुझ्यामुळे माझी शिवण वाकडी जायला लागलीय.”

४

दुसऱ्या दिवशी अकराची सिगार पेटवली आणि ठरवलं, आज काही लिहायचं नाही. नुसतं बघायचं.

पहिला झुरका घेतला. सिगार खाचेत ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले.

लिहिण्याच्या नादात माणूस किती बघायचं सोडतो! पडून असलेल्या सिगारीचा निखारा हळूहळू राखेखाली मंदावतो, हे मला इतकं ठाऊक होतं की गेली कित्येक वर्षं मी ते पाहिलंच नव्हतं. निखारा मंदावला. घड्याळाचा काटा अर्ध्या मिनिटावर आला. आणि निखारा पेटला.

भडकला नाही. कुणी झुरका घ्यावा तसा कडेपासून आतपर्यंत उजळत गेला, चार सेकंद तसाच राहिला आणि उतरला. सुकं पान जळताना होतो तो बारीक चर्र आवाजही झाला.

वारा असेल. मी तक्त्याच्या कडेची एक पट्टी फाडून राखदाणीवर धरली. ती हलली नाही. खिडकीच्या फटी तपासल्या, दाराखाली रुमाल कोंबला. माझा झुरका घेतला, सिगार ठेवली. तीस सेकंदांनी पुन्हा तेच. राखदाणी टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवली. पुन्हा तेच. जो कोणी ओढत होता त्याला ओढता येत होतं. घाई नाही, हावरेपणा नाही. माझ्या दोन झुरक्यांच्या बरोबर मधोमध, सिगार तापू न देता, विझू न देता.

माझं मिनिट भरलं तसा मी हात लांब करून सिगार उचलली. तोंडात धरायचं टोक कोमट होतं. आगीची ऊब निराळी असते, ती पेटत्या बाजूकडून येते. ही उलट्या बाजूची होती. आणि टोक ओलं होतं.

मी ते शर्टाच्या बाहीला पुसलं आणि झुरका घेतला. का घेतला म्हणाल, तर वेळ झाली होती म्हणून.

५

परीक्षकांचे दात आणि जीभ दर सहा महिन्यांनी तपासायला दंतवैद्यबाई कारखान्यात येत. त्या मला पंधरा वर्षं ओळखत होत्या. माझ्या दातांवरचा पिवळा-तपकिरी थर हा त्यांच्या थट्टेचा ठरलेला विषय. या वेळी त्यांनी आरसा आत घातला, बाहेर काढून पुसला आणि पुन्हा घातला.

“कुणाकडून घासून घेतलेत?”

“कुणाकडून नाही.”

“असं कसं? एक डाग नाही. जीभ तर लहान मुलासारखी गुलाबी आहे.” त्यांनी माझा जुना कागद काढून दिव्याखाली धरला. “हे तोंड सिगार ओढणाऱ्याचं नाहीच. मी तुम्हाला ओळखत नसते तर दुसराच कुणी येऊन बसलाय असं म्हटलं असतं.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. बाईंनी हसून साथ दिली नाही.

बाहेर पडलो तर व्यवस्थापक दारातच भेटले. “बरं झालं दिसलात. तीन आठवडे झाले, बाक चारला तुमचे गुण घसरतायत. सोमवारपासून आक्काला तिथून उठवतोय. खाली पेट्या चिकटवायला बसेल.”

आक्का! कारखान्यातली सगळ्यात जुनी वळणारी. नवीन बायका तिच्या शेजारी बसून शिकायच्या. जेवणाच्या सुट्टीत माझी फिरकी घेणारी तीच एक. ‘नाकाला सर्दी झाली तर कारखाना बंद का हो?’ असं ती सगळ्यांदेखत विचारायची.

“आक्काच्या आहेत होय त्या,” मी म्हणालो.

“डोळे गेलेत हो तिचे. कबूल करत नाही इतकंच.”

तोंड उघडायची तीच वेळ होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जिना उतरून गेले, आणि मी पांढरे दात घट्ट आवळून तिथेच उभा राहिलो.

६

सोमवारी अकराला पाच मिनिटं असताना दारावर टकटक झाली. आक्का होती. एका हातात खालून आणलेलं स्टूल, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या सिगारी.

“साहेब, या सकाळी उठून माझ्या हाताने वळल्यात. यातली कुठलीही उचला आणि माझ्यासमोर ओढा. मला तुमच्याशी भांडायचं नाही. सैल कुठे राहते तेवढं बघू दे.”

“आक्का, या खोलीत दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत.”

“मी तेल लावलं नाही. साबणही नाही.” तिने स्टूल भिंतीशी टेकवलं आणि बसली.

मी सिगार उचलली, तोंडाकडच्या टोकाची बंद टोपी कापली, पेटवली. खिडकीतून ऊन टेबलावर तिरकं पडलं होतं. पहिला झुरका घेऊन मी सिगार खाचेत ठेवली आणि हात टेबलावर, तिला दिसतील असे ठेवले. तिला सांगायचं धाडस होत नव्हतं. तिनेच बघावं असं मला वाटत होतं आणि बघू नये असंही.

अर्धं मिनिट झालं. निखारा उजळला. चर्र झालं. उतरला.

आक्काने माझ्या हातांकडे पाहिलं. मग तोंडाकडे. ती उठली, राखदाणीच्या चारही बाजूंनी तळवा फिरवून वारा लागतो का ते पाहिलं आणि परत बसली. माझा झुरका झाला. पुन्हा अर्धं मिनिट. या वेळी ती निखाऱ्याकडे बघतच नव्हती. टेबलाच्या पलीकडे बघत होती. म्हणून मीही पाहिलं.

इतके दिवस मी निखाराच बघत होतो. ओढलेला धूर कुठे जातो ते पाहायचं मला सुचलंच नव्हतं.

टेबलापलीकडे खुर्ची नव्हती. रिकामी फरशी. तिथे, बसलेल्या माणसाचं तोंड जितक्या उंचीवर येईल तितक्या उंचीवर, हवेतून धुराची बारीक धार निघाली. समोरच्याच्या तोंडावर जाऊ नये म्हणून सभ्य माणूस जशी जरा खाली आणि बाजूला सोडतो, तशी. उन्हात ती पसरली, मागे वळली आणि कशाला तरी क्षणभर चिकटून राहिली. मला खालचा ओठ दिसला. हनुवटी दिसली. गालाचा थोडा भाग, कानाच्या पाळीपर्यंत. त्याच्या वर काही नाही. ओळखीचं कुणी नव्हतं. गाल आतून हलत होता. उरलेला धूर तो तोंडात घोळवत होता.

मग ती हनुवटी आक्काकडे वळली.

“साहेब,” आक्का अगदी हळू म्हणाली, “विझवा ती.”

“थांबा,” मी म्हणालो. “त्याची पाळी संपू दे.”

हे मीच बोललो. माझ्याच आवाजात, माझ्याच तोंडून. आक्काने माझ्याकडे असं पाहिलं की त्या धुराकडेही तिने तसं पाहिलं नव्हतं. ती उठली, सिगार उचलून पाण्याच्या पेल्यात दाबली. चूंऽऽ असा आवाज झाला. त्यापाठोपाठ टेबलापलीकडून नाकातून सोडलेला एक श्वास ऐकू आला, ताटावरून उठवलेल्या माणसासारखा नाराज.

आम्ही दोघं जिन्यात आलो. तिने कठडा धरला होता. एकतीस वर्षं पानं वळून तपकिरी झालेली तिची बोटं त्यावरून सुटत नव्हती.

“बाकीच्या बाकांच्याही अशाच जातात?”

“हो.”

“मग त्यांना सत्तर कुठून मिळाले?”

मी रुमाल काढून हात पुसत राहिलो.

“डोळे गेले म्हणाले मला,” ती म्हणाली. “परवा सुनेकडून सुईत दोरा ओवून घेतला. मला वाटलं, गेलेच असतील.”

७

त्याच दुपारी मी व्यवस्थापकांना सगळं लिहून दिलं. सहाही बाकांच्या खऱ्या वेळा, मी भरलेले खोटे आकडे, तारखेनिशी. बाक चारमध्ये दोष नव्हता, दोष परीक्षकाचा. खोलीत काय पाहिलं ते लिहिलं नाही. व्यवस्थापकांनी कागद दोनदा वाचला. “असं का केलंत?” त्यांनी विचारलं. “मला भीती वाटली,” मी म्हणालो. ते त्यांना पटलं.

आक्का दुसऱ्याच दिवशी आपल्या बाकावर बसली. माझी खोली धाकट्याला मिळाली. मी शेवटच्या दिवशी मुद्दाम थांबून त्याला वेळ विचारली. “सत्तर,” तो म्हणाला. “का हो? तुमचा चेहरा उतरलेला दिसतोय.” खोलीत काही नव्हतं तर. खोलीत नाही म्हणजे ते माझ्यापाशीच, हा हिशेब मी नाही नाही म्हणत असताना मनाने लगेच केला आणि मला तो नको होता.

आक्का फाटकापर्यंत पोचवायला आली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. “पुन्हा ओढू नका,” एवढंच म्हणाली. “काही झालं तरी ओढू नका. आपोआप कंटाळेल.”

मी ओढली नाही. ताईला घेऊन दुसऱ्या गावी आलो. आता एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. काम डोळ्यांचं आहे, नाकाशी संबंध नाही. ताईची शिवण चालू आहे. चार महिने काही झालं नाही. मी रात्री शांत झोपू लागलो, येरझाऱ्याही थांबल्या. कंटाळला असेल, असं मी स्वतःला सांगायचो, आणि हळूहळू ते खरं वाटायला लागलं.

गेल्या गुरुवारी सकाळी आम्ही दोघं बस थांब्यावर बसलो होतो. ताईला कापडबाजारात जायचं होतं, मला कामावर. कडाक्याची थंडी पडली होती. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. ताई माझ्या डाव्या हाताला, उजवीकडे बाक रिकामा.

“हातमोजे विसरलास ना?” ती म्हणाली. बोलताना तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. “शंभरदा सांगितलं, दाराशीच ठेवत जा म्हणून.” पुन्हा वाफ.

“खिशात हात घालतो,” मी म्हणालो.

माझ्या तोंडातून काही निघालं नाही.

मी तोंड उघडून जोरात श्वास सोडला. आत घेतला, पुन्हा सोडला. समोरची हवा स्वच्छ होती. रस्त्यापलीकडची पाटी मला स्पष्ट वाचता येत होती. ताई पिशवीत काहीतरी शोधत पुटपुटत होती आणि तिची वाफ तिच्या शालीवर विरत होती.

मी श्वास रोखून धरला. मान वळवली नाही, फक्त डोळे उजवीकडे नेले.

बाकाच्या रिकाम्या टोकाशी, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, पांढरी वाफ बाहेर पडत होती. सावकाश, लांबलचक. जरा खाली आणि बाजूला, आमच्या तोंडावर येणार नाही अशी.